एसएमपीएसखालचं मॅन्युअल

१४८ पानांचं एक मॅन्युअल वाचून संपवायला मला सव्वाचार महिने लागले. त्यातले पहिले साडेतीन महिने ते पॉवर सप्लायच्या, म्हणजे एसएमपीएसच्या, खाली टेकू म्हणून होतं.

हौशी रेडिओचं, म्हणजे हॅम रेडिओचं लायसन्स नुकतंच हातात पडलेल्या दोघांनी मला एकाच आठवड्यात विचारलं, "सेट कुठला घेऊ?" मी दोघांना फोनवर तासभर जे सांगितलं ते सेट कुठला घ्यावा याबद्दल नव्हतंच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. माझ्या सेटचं मॉडेल मुद्दाम देत नाही. नाव घेतलं की लगेच "तो घ्यायला नको होता" सुरू होतं, आणि सेटची यात काहीच चूक नव्हती. जपानी बनावटीचा, १०० वॅटचा, बारा वर्षं वापरलेला एचएफ (म्हणजे शॉर्टवेव्हचा) सेट, एवढं पुरे.

थोडं मागचं. मी सोलापूरचा, पूर्व भागातला. एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, मी विसर्जन मिरवणुकीहून येऊन नुकताच आडवा झालो होतो. भांडी वाजली, सगळी गल्ली रस्त्यावर आली. आमची आत्या औसा तालुक्यातली. तिची खुशाली कळायला आम्हाला पाच दिवस लागले, तीही एका ट्रकवाल्याकडून. फोन बंद पडले तरी माणसं रेडिओवरून बोलू शकतात, आणि त्यासाठी सरकार लायसन्स देतं, हे त्यानंतर कुठंतरी वाचलं आणि डोक्यात राहिलं. पुढं संसार, नोकरी, मुलीचं शिक्षण. तीस वर्षं ते डोक्यातच राहिलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार खात्याच्या 'सरल संचार' पोर्टलवर परीक्षेचा अर्ज भरला. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे खालच्या पायरीच्या लायसन्सला, मोर्स कोड लागत नाही, म्हणून तीच निवडली. मार्च २०२३ मध्ये मुंबईत वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनवर परीक्षा झाली. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी मुंबई, परीक्षा, रात्री परत. पेपरचे दोन भाग: रेडिओचं तंत्र आणि नियम. तंत्राला लोक घाबरतात, पण मला नियमांनीच जास्त घाम फोडला. निकालानंतर पुन्हा अर्ज, कागदपत्रं, वीस वर्षांसाठी १,००० रुपये फी, आणि मग नुसती वाट बघणं. सप्टेंबरमध्ये व्हीयू३ने सुरू होणारी कॉलसाइन, म्हणजे हवेवरची माझी ओळख, आली. या टप्प्यात एक गोष्ट कामाची: आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि अर्ज, तिन्हीकडं नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आधीच बघा. माझ्या वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त होता, त्यात दीड महिना गेला.

पुण्याच्या एका काकांना त्यांचा जुना सेट द्यायचा होता. वय ७४, हात थरथरतो, डायल नीट फिरवता येत नाही म्हणाले. लायसन्सची प्रत पाठवल्याशिवाय त्यांनी किंमतसुद्धा सांगितली नाही. ते योग्यच, लायसन्स नसलेल्याला सेट देता येत नाही. ५८,००० ठरले. २० जानेवारी २०२४, शनिवार. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गेलो, संध्याकाळच्या हुतात्माने सेट मांडीवर घेऊन परत. काकांनी त्यांच्या घरी सेट चालू करून दाखवला, पॉवर ५० वॅटवर आणून ठेवली, कारण माझ्या ग्रेडला एचएफवर तेवढीच मर्यादा आहे. निघताना स्पायरल बाइंडिंग केलेलं एक जाड बाड पिशवीत घातलं.

"हे आधी वाचा. सेट नंतर लावा."

"हो काका, नक्की."

होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, अजून चालू होता. रात्री सव्वादहाला स्टेशनवरून रिक्षा गर्दीतून वाट काढत घरी आली. साडेअकराला सेट टेबलावर मांडून झाला होता. मॅन्युअलचं पहिलं पान उघडलं, 'या उत्पादनाची निवड केल्याबद्दल धन्यवाद' छापाचा मजकूर दिसला, मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पॉवर सप्लाय आला. ३० अँपिअरचा एसएमपीएस, ८,५०० रुपये. त्याला खालून हवा लागते, टेबलावर सपाट ठेवला तर तापतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. एका बाजूनं उचलून ठेवायला अगदी योग्य जाडीची एकच वस्तू घरात होती.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा अँटेनात गेला. चाळीस मीटरच्या (सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) बँडचा डायपोल म्हणजे दोन्ही बाजू मिळून साधारण वीस मीटर तार. आमची गच्ची बारा मीटर. शेजारच्या अण्णांचे चार लूम (यंत्रमाग), वर पत्रा, पत्र्याच्या पलीकडं त्यांची गच्ची. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "करंट बिरंट येतो काय त्यात?" खरं सांगितलं: बोलताना टोकाला हात लावायचा नाही, चटका बसतो. "मग उंच बांधा," म्हणाले, झालं. मधे सात मीटरचा पाइप, दोन्ही टोकं खाली उतरती, उलट्या व्हीसारखी. तार, इन्सुलेटर, कप्पी मिळून १,९०० आणि तीस मीटर कोअ‍ॅक्स केबल (सेट ते अँटेना) २,४००.

लावल्या लावल्या ऐकायला आलं! पुणे, कोल्हापूर, हैदराबाद, बेळगाव. दिवसा चाळीस मीटरवर दोन-चारशे किलोमीटरचं अंतर अंगणातल्यासारखं वाटतं. मी आपली कॉलसाइन सांगून हाका मारायला लागलो. कुणी उत्तर देईना. मधे थांबायचो, पुन्हा हाक. समोरचे दोघं निवांत गप्पा मारतायत, मी मधेच "ब्रेक, ब्रेक" म्हणतोय, त्यांच्या बोलण्यात तसूभर फरक नाही. एकोणीस दिवस हे चाललं. मीटरचा काटा हलत होता, म्हणजे पॉवर जात होती. बायको चहा ठेवून जाताना म्हणाली, "अहो, नवीन माणसाशी बोलत नसतील." मला ते पटायला लागलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी काकांनाच फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "डिस्प्लेवर डाव्या कोपऱ्यात बारीक 'स्प्लिट' लिहिलंय का?"

लिहिलं होतं. पहिल्या दिवसापासून. मला ते कंपनीच्या नक्षीतलं काहीतरी वाटत होतं. सेटमध्ये दोन व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी ठरवणारे) असतात, ए आणि बी. स्प्लिट चालू असलं की ऐकायचं एकावर आणि बोलायचं दुसऱ्यावर. दूरदेशीचं एखादं स्टेशन शेकडो लोक एकदम बोलावत असले की ते मुद्दाम असं काम करतं. काकांचा हात कधीतरी त्या बटणाला लागून राहिला असणार. मी ७.११० मेगाहर्ट्झवर ऐकत होतो आणि बोलत होतो ७.१६८वर. पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबलं की डिस्प्लेवरचे आकडे बदलतात, हेसुद्धा मी रोज बघत होतो! वाटलं, ट्रान्समिट करायची पद्धतच असेल.

हसण्यासारखं आहे, पण पूर्ण नाही. आपल्याकडं हा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. दुसरा व्हीएफओ ७.१६८ ऐवजी ७.२६८वर राहिला असता तर मी एकोणीस दिवस परवानगी नसलेल्या जागी, स्वतःची कॉलसाइन खणखणीत सांगत, बोलत बसलो असतो.

काका फोन ठेवताना म्हणाले, "स्प्लिटचं पान आहे बघा त्यात." मी म्हटलं, हो, बघतो. मॅन्युअल तेव्हा एसएमपीएसखाली होतं आणि तिथंच राहिलं.

मार्चमध्ये लोक ऐकू लागले आणि नव्या तक्रारी सुरू झाल्या. कोल्हापूरच्या एकांनी फार सभ्यपणे सांगितलं, "ओएम, आपला आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा येतोय." (ओएम म्हणजे ओल्ड मॅन, हॅम लोक एकमेकांना असंच म्हणतात, विशीतल्या पोरालासुद्धा.) मी माइक गेन, म्हणजे माइकची पातळी, अजून वाढवला. आवाज लहान असेल, असं वाटून. कॉम्प्रेसर नावाचं बटण होतं (बारीक आवाज उचलणारं), तेही चालू केलं. पुढच्या वेळी ते म्हणाले, "आता पिंपावर झाकणही ठेवलंत का?"

त्यात तिसरा त्रास. जोरात बोललो की सेट बंद पडून पुन्हा चालू व्हायचा. हळू बोललो तर चालायचं. शिवाय काही दिवस पॉवर पन्नासवरून घसरून दहा-बारा वॅटवर यायची. मी ३,८०० रुपयांचा एसडब्ल्यूआर मीटर मागवला. (एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडं गेलेली पॉवर किती परत येते त्याचं माप, एकच्या जवळ हवं.) मग एका दुरुस्तीवाल्याकडं सेट नेला, कुठल्या गावातल्या ते सोडा. त्यानं उघडला, दोन दिवस ठेवला, १,२०० घेतले आणि म्हणाला, "फायनल ट्रान्झिस्टर गेलेत. नऊ हजार लागतील." (सेटची पॉवर तयार करणारे ते ट्रान्झिस्टर.) वरच्या झाकणाचा एक आटा घसरवून सेट परत दिला. नऊ हजार द्यायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. पण मार्चअखेर, कारखान्याचे हिशेब, वेळ मिळाला नाही. आळसानं माझे पैसे वाचवल्याचं हे एकमेव उदाहरण.

७ मे २०२४ला आमच्याकडं लोकसभेचं मतदान होतं. सुट्टी. सकाळी लवकर जाऊन मत देऊन आलो, बोटाला शाई, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, अण्णांचे लूमही बंद. एसएमपीएसवरची धूळ पुसायला म्हणून उचलला, तर मॅन्युअलही बरोबर वर आलं. उष्णतेनं त्याचं प्लॅस्टिकचं कव्हर एसएमपीएसच्या बुडाला चिकटलं होतं. सोलून काढताना शेवटची आठ पानं अक्षरांसकट गेली. जे पान सगळ्यात वर उघडं पडलं त्यावर एक तक्ता होता. डावीकडं त्रास, मधे कारण, उजवीकडं उपाय. तिसरी ओळ: पॉवर कमी जाते. कारण: अँटेनाचा एसडब्ल्यूआर जास्त आहे, म्हणून सेट स्वतःला वाचवण्यासाठी पॉवर आपोआप उतरवतो.

म्हणजे फायनल गेले नव्हते. सेट नऊ हजारांचं काम फुकटात टाळत होता.

मी उभ्या उभ्याच तो तक्ता वाचला आणि मग खाली बसलो.

त्या दिवशी ठरवलं की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. ठरवलं खरं, पण भीती वाटत होती, हे कबूल करतो. माझं शिक्षण मराठी माध्यमात. इंग्रजी ताळेबंद वाचता येतो, पण हे इंग्रजी जपानीतून आलेलं, प्रत्येक वाक्यात दोन संक्षेप. सलग वाचायला घेतलं की तिसऱ्या पानावर डोळे मिटायचे. चार रात्री असंच झालं.

पाचव्या रात्री पद्धत बदलली. सेट चालू करून समोर ठेवला, दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर मॅन्युअल काय म्हणतं ते, उजव्या पानावर बटण फिरवल्यावर खरं काय झालं ते, मराठीत. एका वेळी एकच सेटिंग बदलायचं, परिणाम ऐकायचा, जसं होतं तसं परत करायचं, मग पुढचं. रात्री दहा ते बारा, रोज सात-आठ पानं. बोलून बघायच्या चाचण्या अँटेनावर करायच्या नाहीत, डमी लोडवर करायच्या, हेही त्यातच कळलं. डमी लोड म्हणजे ५० ओहमचा मोठा रेझिस्टर, पॉवर हवेत न जाता त्यात उष्णता होऊन जिरते. आपल्या "हॅलो, वन, टू, थ्री"चा इतरांना त्रास होत नाही.

वहीतल्या काही नोंदी जशाच्या तशा देतो, कंसातलं आता लिहिलेलं. "क्लॅरिफायर: माझं ऐकणं सरकतं, बोलणं सरकत नाही." "आरएफ गेन (ऐकण्याची संवेदनशीलता) कमी केला की एस-मीटरचा (येणाऱ्या सिग्नलचा जोर दाखवणारा) काटा वर जातो. घाबरू नये, असंच असतं." "प्रीअँप (येणारा सिग्नल वाढवणारा): खालच्या बँडवर नको. मी चार महिने चालूच ठेवला होता. बंद केल्यावर खरखर अर्धी." "नॉइज ब्लँकर: अण्णांच्या मोटरच्या स्टार्टरची टकटक गेली. एलईडी बल्बची घरघर गेली नाही. जवळचं मोठं स्टेशन लागलं की त्याचा आवाज फाटतो, मग बंद करावा."

आणि ही नोंद मी लाल पेननं केलीय: "मीटर हे बटण दाबत राहिलं की एसडब्ल्यूआर दिसतो. सेटमध्येच आहे." ३,८०० रुपयांचा मीटर समोरच होता. बिलासकट.

पिंपाचं कोडं चाळिसाव्या पानाच्या आसपास सुटलं. मीटरवर एएलसी (पातळी आपोआप आवरणारी व्यवस्था) नावाची एक पट्टी असते. बोलताना काटा त्या पट्टीच्या आत राहिला पाहिजे. माझा काटा पट्टी ओलांडून भिंतीला टेकत होता. माइक गेन निम्म्यावर आणला, कॉम्प्रेसर बंद केला, तोंड माइकपासून चार बोटं लांब. एवढंच.

जोरात बोललं की सेट बंद पडायचा, त्याचं कारण मात्र पहिल्या दहा पानांतच होतं, जोडणीच्या भागात, चौकटीत, शेजारी उद्गारचिन्ह. सोबत दिलेलीच जाड केबल वापरा, लांबी वाढवू नका. त्याच ओळीत व्होल्टेज: १३.८, पंधरा टक्के कमीजास्त चालेल. म्हणजे खालची हद्द साधारण ११.७. मी काय केलं होतं? एसएमपीएसच्या पंख्याचा आवाज नको म्हणून तो पलीकडच्या कपाटाशी ठेवला, मूळ केबल पुरेना, म्हणून घरातल्या लाइटच्या फिटिंगची उरलेली १ चौरस मिलिमीटरची वायर पाच मीटर जोडली. जाऊन येऊन दहा मीटर तांबं. एवढ्या वायरचा रोध जवळजवळ ०.१८ ओहम. पन्नास वॅटला सेट तेरा अँपिअरच्या आसपास ओढत होता. गुणाकार केला: २.३ व्होल्ट वायरीतच जिरत होते. सेटपर्यंत पोचत होते साडेअकरा. हळू बोललं की प्रवाह कमी, म्हणून चालायचं. वायर हाताला कोमट लागायची तेव्हाच शंका यायला हवी होती. परीक्षेला ओहमचा नियम पाठ करून गेलो होतो, मार्कही पडले होते.

एसएमपीएस सेटजवळ आणला, मूळ केबल लावली. त्या दिवसापासून सेट एकदाही बंद पडला नाही.

मधे एक घोटाळा केला तोही सांगायला हवा. १६ मे असेल. रिसेटचं पान आलं. दोन बटणं दाबून धरून पॉवर चालू केली की सेट कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो. "एक सेटिंग बदलायचं, परिणाम बघायचा" या माझ्याच नियमानं मी दाबलं. त्याखालची चौकट दाबल्यानंतर वाचली: सगळ्या मेमरी पुसल्या जातील. काकांनी वर्षानुवर्षं साठवलेल्या बत्तीस फ्रिक्वेन्सी, कुठल्या नेटची (ठरलेल्या वेळी हॅम हवेवर जमतात त्याची) कुठली, सगळं गेलं. पॉवरही परत शंभरवर. निदान ते लगेच लक्षात आलं, कारण पॉवरचं पान आदल्याच आठवड्यात झालं होतं. तेव्हा सेट हातात आल्यावर पहिल्या दिवशीच सगळी सेटिंग आणि मेमरी कागदावर उतरवा, किंवा मोबाइलमध्ये एकेक स्क्रीनचा फोटो काढा. आणि चौकटी आधी वाचा, मजकूर नंतर.

गेलेल्या आठ पानांसाठी कंपनीच्या साइटवरून पीडीएफ उतरवली, फुकट मिळते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं आठ पानांचे सोळा रुपये घेतले. इथं एक सावधगिरी: एकाच नावाच्या सेटच्या वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, मागच्या पट्टीवरचा पूर्ण नंबर बघूनच फाइल घ्या. वाचायला कागद बरा, शोधायला पीडीएफ. फोनवर शब्द टाकला की पान येतं. पण जे आहे हेच माहीत नाही त्याचा शब्द टाकणार कसा? 'स्प्लिट' मी कधी शोधलंच नसतं.

मॅन्युअलमध्ये सगळं असतं असं मात्र नाही. एसडब्ल्यूआर चार का होता हे त्यात नव्हतं, ते गच्चीवर होतं. डायपोलचं एक टोक अण्णांच्या पत्र्यापासून जेमतेम वीतभर वर बांधलं होतं. मुलगी सुट्टीला आली होती. ती गच्चीवर दोरी सैल-घट्ट करायची, मी खाली मीटर बघून ओरडायचो. "बाबा, फोन करा ना, रेडिओवाले असून ओरडताय काय!" टोक दीड मीटर वर घेतलं आणि तार थोडी थोडी दुमडून कमी केली. १.४ आला. रात्री येणाऱ्या त्या घरघरीचाही मॅन्युअलमध्ये उल्लेख नाही. ती शोधायला घराचा मेन स्विच बंद करून सेट बॅटरीवर चालवला. घरघर गायब. मग एकेक एमसीबी चालू करत गेलो. गुन्हेगार आमच्याच देवघरातली एलईडीची माळ निघाली.

२८ मेला शेवटचं पान झालं. शेवटच्या पानावर सेटचं वजन आणि मापं आहेत. तीही वाचली.

खर्चाचा हिशेब मांडायची सवय जात नाही. सेट, सप्लाय, अँटेना आणि केबल मिळून ७०,८००. त्यावर मीटर आणि दुरुस्तीवाला मिळून ५,०००, तेवढे निव्वळ न वाचल्याचे. वही ४५ रुपये, झेरॉक्स १६.

२ जून, रविवार. पहाटे वळवाचा एक शिडकावा होऊन गेला होता. सकाळी सव्वानऊला ७.११०वर पुण्याच्या काकांचा आवाज आला. ते दुसऱ्या एका लहान सेटवरून बोलत होते. मी डिस्प्लेचा डावा कोपरा बघितला, रिकामा होता. कॉलसाइन दिली. लगेच उत्तर आलं, "फाइव्ह नाइन, ओएम, फाइव्ह नाइन. आवाज एकदम स्वच्छ आहे. काय बदललंत?" (फाइव्ह नाइन म्हणजे स्पष्ट आणि जोरदार.)

मी त्यांना सगळं सांगितलं. आदल्या रात्री फोनवर सांगायचं धाडस झालं नव्हतं ते, मेमरी पुसल्याचं आणि मॅन्युअल कुठं होतं तेही. पीटीटी सोडलं. दोन-तीन सेकंद नुसती खरखर. मग काकांचं हसू आलं, खोकला आला, आणि आवाज आला, "मग आता एसएमपीएस कशावर ठेवलाय? ओव्हर."

"विटेवर, काका. आमच्याकडं मोठमोठे विटेवरच उभे असतात. ओव्हर."